दोन स्पीकरच्या स्टिरिओला सबवूफर जोडताना: आधी खोली, मग पेटी, नॉब सगळ्यात शेवटी

आपल्याकडं सांगली-साताऱ्यात बेस म्हटलं की डोळ्यापुढं येते ती गणपतीतली डॉल्बी, छातीत धडधड, खिडक्यांची तावदानं थरथरतायत, आणि म्हणून घरात सबवूफर, म्हंजे फक्त खालचे सूर वाजवणारी वेगळी पेटी, थोडक्यात सब, घ्यायचा विषय काढला की शांतपणे गाणं ऐकणारा माणूस पण म्हणतो मला नको तो धिंगाणा. मी पण बरीच वर्षं तसंच म्हणायचो. मग एकदा सांगलीच्या विश्रामबागेत एका मित्राकडं तबला सोलो ऐकला, डग्ग्यावर मनगट दाबून सूर वर नेतात ना, ती घुमारी खोलीत अशी फिरली की वाटलं डग्गा समोर सतरंजीवर ठेवलाय, आणि सब कुठं आहे ते मला पंधरा मिनिटं कळलंच नाही. डाव्या भिंतीला कपाटाशेजारी होता. वाजत होता पण तो वाजतोय असं एकदाही वाटलं नाही. आपल्याला घरी हेच करायचंय.

हे लिहितोय ते ज्यांच्याकडं एक साधा स्टिरिओ अँप आणि दोन स्पीकर आहेत त्यांच्यासाठी. ५.१ वाल्यांचा, म्हंजे होम थिएटरचा, रिसीव्हर बरंचसं काम स्वतः करतो, इथं सगळं हातानं करायला लागतं, जमतं पण झकास, फक्त कामाचा क्रम सोडायचा नाही.

आधी बघा लागतोय का

कान साधारण २० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हंजे सेकंदाला किती कंपनं) २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्यातला तळातला २० ते ८० चा पट्टा सबचा. आता तुम्ही काय ऐकता ते बघा. पुरुष गायक काळी एकला गात असेल तर तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या जवळ लागते, म्हंजे नुसता ख्याल ऐकणाऱ्याला २० पर्यंत जाणारी मोठी पेटी आणून काही फायदा नाही, ६ इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणारा मोठा कोन) बरे बुकशेल्फ स्पीकर तेवढं वाजवतात. मिरजेला तंबोरे बनवणाऱ्यांकडं कधी गेलात तर खर्ज छेडायला सांगा आणि भोपळ्यावर तळहात ठेवून बघा, तो थरार लक्षात ठेवा, घरी सेटिंग करताना कामाला येतो. डग्गा आणि पखवाजाचा डावा अंग, म्हंजे ज्याला कणीक लावतात ती बाजू, यांचा मूळ सूर १०० च्या आसपास किंवा खाली असतो. बेस गिटारची जाड तार ४१ हर्ट्झ, पियानोची सगळ्यात डावी पट्टी २७.५, आणि आजकालच्या सिनेमा संगीतातला सिंथचा बेस ४० च्या पण खाली जातो. हे ऐकत असाल आणि स्पीकर ४-५ इंची वूफरचे असतील तर सबनं खरंच फरक पडतो.

उलट मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या (ते १९३७ ला गेले, म्हंजे त्याच्या आधीचं रेकॉर्डिंग) ऐकण्यासाठी सब घेत असाल तर घेऊ नका. त्या काळी खालचे सूर तबकडीवर फारसे उतरायचेच नाहीत, जे रेकॉर्डिंगमध्ये नाही ते सब कुठून आणणार, वर तबकडीची घरघर तेवढी मोठी होईल.

स्पीकरच्या कागदावर खालची मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ ५५ हर्ट्झ. पुढं उणे ३ डेसिबल लिहिलंय का उणे १० ते वाचा, डेसिबल म्हंजे आवाजाच्या जोराचं माप. उणे १० वाला आकडा फुगवलेला असतो, तो स्पीकर त्याच्या बराच आधी थकायला लागलेला असतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढं लागणारय.

पेटी कुठली घ्यायची

दुकानात पहिल्यांदा पीएमपीओवर (जाहिरातीतला फुगवलेला आकडा) जाऊ नका, त्या हजारोंच्या वॅटला काही अर्थ नसतो, आरएमएस वॅट, म्हंजे सतत मिळणारी खरी ताकद, विचारा. मग विचारा पेटी बंद आहे का भोकाची, म्हंजे सील्ड का पोर्टेड. भोकाच्या पेटीला त्याच आकारात जास्त दणका मिळतो पण ज्या सुरावर ती लावलेली असते त्याच्या खाली आवाज एकदम कोसळतो, दर सप्तकाला २४ डेसिबल. बंद पेटीचा हळूहळू उतरतो, १२ डेसिबल. आणि छोट्या बंद खोलीत खालचे सूर खोलीच थोडे उचलून धरते त्यामुळं बंद पेटीचा हा उतार बराचसा भरून निघतो. म्हणून १० बाय १२, १२ बाय १४ अशा आपल्या नेहमीच्या खोल्यांना गाण्यासाठी मी तरी बंद पेटीच घ्या म्हणेन, ८ किंवा १० इंची. मोठा हॉल आतल्या खोलीला आणि जिन्याला उघडा असेल तर १२ इंची बघा. अंदाज यावा म्हणून दोन नावं देतो: रेलचा टी/५एक्स हा ८ इंची, १२५ वॅटचा, छोटा बंद सब आहे, आणि एसव्हीएसचा एसबी-१००० प्रो १२ इंची, ३२५ वॅट, हा पण बंदच, आणि त्याचं सेटिंग मोबाईलवरून खुर्चीत बसून करता येतं जे नवीन माणसाला लई उपयोगी आहे. हेच घ्या असं म्हणत नाही, या दोन टोकांच्या मधे बघा. आणखी एक गोष्ट आपल्या भागातली, भोकाच्या पेटीत पाल किंवा उंदीर शिरतो, ग्राउंड फ्लोअरला तर हमखास, तेव्हा पोर्टेड घेतलाच तर वाजवत नसताना भोकात स्पंज लावून ठेवा आणि वाजवताना आठवणीनं काढा.

मोठी पेटी का लागते याचं साधं गणित आहे, एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज काढायचा तर कोनला चौपट पुढं-मागं हलायला लागतं. ४ इंची कोन बिचारा किती हलणार.

तीन गोष्टी टाळा. एकाच खोक्यात सगळं मिळतं त्या डब्बा होम थिएटरमधला सुटा सब, त्यात बहुतेक वेळा स्वतःचा अँप नसतो, तो तुमच्या स्टिरिओला नीट जोडताच येत नाही. दुसरं गाडीचा सब, गाडीच्या बंद केबिनमुळं बेस आपोआप वाढतो हे धरून तो बनवलेला असतो, घरात आणला की खालचं गायब. तिसरं डॉल्बीवाल्यांकडची जुनी बेसची पेटी, ती मैदानात मोठा आवाज पोचवायला केलेली असते, खोल जायला नाही.

खोली, खरं काम इथंच आहे

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिला सब मी एका दुकानात ऐकून घेतला, १० इंची पोर्टेड, दुकानात फार छान वाजला, घरी आणून टीव्ही युनिटच्या शेजारी कोपऱ्यात बसवला कारण जागा तिथंच होती, आणि दोन महिने नॉब फिरवत बसलो. काही गाण्यात एकच सूर भिंत फुटेल असा यायचा आणि त्याच्या शेजारचा सूर ऐकूच यायचा नाही. मला वाटलं पेटी खराब आहे. पेटी चांगली होती, मी कुठं बसलोय आणि पेटी कुठं आहे हे दोन्ही चुकलं होतं.

कारण असं. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, आपली खोली तिच्यापेक्षा छोटी. लाट भिंतीवर आपटून परत येते आणि काही ठराविक सुरांना येणारी-जाणारी एकमेकीला बरोबर वेळेवर ढकलतात, झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की झोका चढतो तसं. कुठले सूर ते काढायला ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागा. माझी खोली १४ फूट लांब, ५६५ भागिले १४ म्हंजे ४० हर्ट्झ. रुंदी १२ फूट, ४७ हर्ट्झ. स्लॅब १० फुटावर, ५६. म्हंजे माझ्या खोलीत ४०, ४७ आणि ५६ हे सूर फुगणार, मी कितीही भारी सब आणला तरी. आरसीसी भिंती आणि स्लॅब असेल तर हे अजून जोरात होतं कारण भिंत हलत नाही, सगळी लाट परत फेकते. जुन्या कौलारू घरात छतातून बराच बेस निघून जातो, त्यामुळं तिथं फुगणं कमी पण पोटात भरणारा बेस मिळवायला जास्त ताकद लागते.

आता यातलं उपयोगाचं. लांबीचा जो पहिला सूर आहे तो खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो आणि भिंतीला चिकटून सगळ्यात जास्त. तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर घुमणार, खोलीच्या मधोमध असेल तर पोकळ वाटणार. १४ फुटाच्या खोलीत मागच्या भिंतीपासून ४-५ फूट पुढं डोकं येईल असं बसून बघा. मला फक्त सोफा पुढं घेतल्यावर जो फरक मिळाला तो नंतरच्या कुठल्याही नॉबनं दिला नाही. घरच्यांना सोफा खोलीच्या मधे नको असेल तर ऐकण्यापुरती खुर्ची पुढं घ्या.

मग सबची जागा. इथं एक युक्ती आहे, वेडेपणा वाटेल पण जगभर लोक हेच करतात. सब उचलून तुम्ही बसता त्या खुर्चीवर ठेवा. बेस गिटार खालून वर चढत उतरत जातंय असं एखादं गाणं लावा, दोन्ही स्पीकर बंद. आता सब ठेवता येईल अशा जेवढ्या जागा खोलीत आहेत, तिथं एकेक करून खाली बसा, कान जमिनीपासून फूटभरावर आणा आणि ऐका. जिथं सगळे सूर साधारण सारख्या जोरानं येतात ती जागा खडूनं खूण करा. जिथं सगळ्यात मोठा आवाज येतो ती नको, लोक इथंच फसतात. कोपऱ्यात आवाज मोठा येणारच पण तिथं खोलीचे सगळे फुगणारे सूर एकदम जागे होतात. मग सब त्या खुणेवर आणा आणि तुम्ही खुर्चीत बसा, जे तिथं बसून ऐकलं तेच इथं ऐकू येईल, लाटेला दोन्हीकडून रस्ता सारखाच असतो. माझ्या खोलीत ती जागा डाव्या भिंतीला, कोपऱ्यापासून साडेतीन फुटावर आली, मी आपणहून तिथं कधीच ठेवला नसता.

भिंतीला फोम चिकटवून हे सुटत नाही. तो वरच्या सुरांची चकचक कमी करतो, ४० हर्ट्झच्या लाटेला दोन इंच फोम म्हंजे काहीच नाही. सतरंजी, पडदे यांचंही तेच.

जोडणी

अँपच्या मागं सब आउट किंवा प्री आउट असेल तर तिथून आरसीए केबल सबच्या लाइन इनला. सबवर एलएफई लिहिलेलं वेगळं भोक असेल तर तिथं नको, तो मार्ग सबचा क्रॉसओव्हर (सबनं कुठल्या सुरापर्यंत वाजवायचं ते ठरवणारा नॉब) टाळून जातो, तो होम थिएटरसाठी आहे. टेप आउट किंवा रेक आउटमधून पण घेऊ नका, त्याला अँपचा व्हॉल्यूम लागू होत नाही, गाणं बारीक केलं तरी सब तेवढाच वाजत राहील.

जुना अँप आहे, मागं फक्त स्पीकरचे टर्मिनल आहेत, तर हाय लेव्हल इनपुट असलेला सब घ्या. स्पीकरला जाणाऱ्या वायरीबरोबरच दुसरी वायर सबला न्यायची, अँपवर त्याचा भार जवळजवळ पडत नाही, स्पीकर जसेच्या तसे राहतात. रेलचे सब मुख्यतः असेच जोडतात. फक्त एक सावधगिरी, आजकालचे छोटे क्लास-डी अँप बरेचसे ब्रिज्ड असतात, त्यांच्या काळ्या टर्मिनलवर पण सिग्नल असतो, तिथं सबची ग्राउंड वायर जोडली तर अँप उडू शकतो. अशा अँपला सबची ग्राउंड वायर चासीच्या, म्हंजे अँपच्या धातूच्या बॉडीच्या, स्क्रूला जोडतात, आणि तुमचा अँप कुठला आहे ते कळत नसेल तर वायर लावायच्या आधी कंपनीला विचारा. हे काम अँप बंद करून, प्लग काढून.

क्रॉसओव्हर, फेज, गेन, याच क्रमानं

मघाशी वहीत लिहिलेला आकडा काढा. स्पीकर ५५ पर्यंत जात असेल तर सबचा क्रॉसओव्हर ५० ते ६० च्या मधे लावून सुरुवात करा, कारण आपण स्पीकरला खालून कापत नाहीये, तो स्वतःच उतरतोय आणि सबनं तिथून उचलायचंय. नॉबवरचे आकडे बरोबर असतीलच असं नाही तेव्हा कानावर विश्वास ठेवा. अँपमध्ये हाय पास, म्हंजे स्पीकरला जाणारे खालचे सूर कापायची सोय, असेल तर मग दोन्हीकडं ८० लावा, छोट्या स्पीकरला खालचं ओझं उरत नाही आणि आवाज मोकळा होतो. ८० च्या फार वर नेऊ नका, तिथून पुढं कानाला सबची दिशा कळायला लागते आणि गायकाचा आवाज त्या कोपऱ्यातून यायला लागतो.

फेजला एक माणूस मदतीला घ्या. क्रॉसओव्हर जिथं लावलाय तो सूर, समजा ६० हर्ट्झ, मोबाईलवरच्या टोन अ‍ॅपमधून स्टिरिओवर वाजवा, तुम्ही खुर्चीत, दुसऱ्यानं सबचा स्विच ० आणि १८० करायचा. ज्याच्यात आवाज मोठा तो बरोबर, कारण तिथं सब आणि स्पीकर एकाच वेळी हवा ढकलतायत. फिरणारा नॉब असेल तर बारीक करायला उलटी पद्धत बरी, दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी अदलाबदल करा, आता नॉब फिरवून आवाज सगळ्यात बारीक कुठं होतो ते शोधा, मोठा शोधण्यापेक्षा बारीक शोधणं कानाला सोपं जातं, मग अँप बंद करून वायरी परत सरळ करा. विसरू नका सरळ करायला.

गेन, म्हंजे सबचा स्वतःचा आवाज, शून्यावरून सुरू करा. नेहमी ज्या आवाजात ऐकता त्याच आवाजात, कारण आवाज कमी झाला की कानाला बेस जास्तच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. हळूहळू वाढवा, सब आहे असं जाणवलं की तिथून किंचित मागं या. मग तीन गोष्टी लावून बघा. एक, बातम्या वाचणारा पुरुष आवाज, सब चालू-बंद केल्यावर आवाजात फरक वाटता कामा नये, तो पिंपातून बोलल्यासारखा झाला तर क्रॉसओव्हर वर गेलाय. दोन, तबला सोलो, डग्ग्याची घुमारी तबल्याच्या चाटीबरोबर येते का मागून लोळत येते. तीन, चढती उतरती बेस गिटार, एखादा सूर उडी मारतोय का. तिन्ही जमले की सब बंद करून बघा, खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटते.

एक सूर तरी फुगतच असेल तर सबमध्ये इक्वलायझर (ठराविक सूर कमी-जास्त करायची सोय) असेल त्यानं तेवढाच सूर कापा. जिथं खड्डा आहे तो भरायला जाऊ नका, लाटा एकमेकींना खातायत तिथं कितीही ओतलं तरी पोचत नाही, फक्त सबवर ताण येतो. मोबाईलच्या माईकवर ४० खालचं मोजू नका, भरवसा नाही. मिनीडीएसपी कंपनीचा युमिक-१ हा मोजमापाचा माईक आणि आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर एवढ्यात सगळी खोली आलेखावर दिसते, तीन-चार मित्र मिळून एक माईक घ्या आणि आळीपाळीनं वापरा.

पुढंमागं पैसे झाले तर मोठ्या एका पेटीपेक्षा छोट्या दोन बऱ्या. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये यावर अभ्यास मांडला होता, समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले की खोलीत वेगवेगळ्या जागी बसणाऱ्यांना बेस बराच सारखा मिळतो. घरात एकटेच ऐकत असाल तर घाई नाही.

घरातला खडखडाट आणि हम्म

लॅपटॉपवरून २० ते १०० हर्ट्झ हळूहळू चढणारा टोन लावा आणि घरभर फिरा. शोकेसच्या काचा, लोखंडी कपाटाचं दार, खिडकीचं ग्रिल, भिंतीवरचे फोटो, स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं, एकेक जण आपापल्या सुराला बोलतं. फोटोमागं कापडाचे तुकडे, काचेला रबराची पट्टी, ताटांमधे घडी केलेला कागद. मला दोन रविवार लागले यात, आणि ज्याला मी सबचा फाटका आवाज समजत होतो तो कपाटावरच्या बॅगेची साखळी होती.

सब लावल्यावर सतत हम्म येत असेल तर तो आपल्या लाइटचा ५० हर्ट्झ किंवा त्याच्या दुपटीचा १०० हर्ट्झ आहे. अँप आणि सब एकाच बोर्डावर घ्या, केबल टीव्हीचा सेट टॉप बॉक्स जोडलेला असेल तर त्याची वायर काढून बघा, बऱ्याचदा तिथूनच येतो. अर्थिंगची पिन मोडून हम्म घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. जुन्या घरात अर्थिंग आहे का तेच आधी वायरमनकडून तपासून घ्या.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर तो सबपासून लांब आणि भिंतीवरच्या मांडणीवर ठेवा, नाहीतर सबचा हादरा सुईतून परत अँपमध्ये जातो. अँपला सबसॉनिक फिल्टर, म्हंजे ऐकू न येणारे अगदी खालचे हादरे कापायची सोय, असेल तर चालू करा.

आणि सांगलीच्या गावभागात, नदीच्या बाजूला ग्राउंड फ्लोअरला राहत असाल तर सबचा अँप पेटीच्या तळाशी मागं असतो हे लक्षात घ्या, ऑगस्ट २०१९ ला कृष्णेच्या पुरानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. पाण्याची पातळी वाढायला लागली की बाकीच्या सामानाबरोबर पहिला सब वर न्या, जड असतो, शेवटच्या घाईत उचलत नाही.

सगळं मनासारखं जमलं की क्रॉसओव्हर, फेज, गेन तिन्ही नॉबच्या जागा पेन्सिलीनं पेटीवर खूण करा, सबच्या पायांभोवती फरशीवर मार्करनं बारीक रेघ मारा, आणि खुर्चीचं अंतर टेपनं मोजून त्याच वहीत लिहा. दिवाळीच्या साफसफाईत सगळं हललेलं असतं, वही असली की दहा मिनिटांत परत जागेवर.